पौर्णिमा, फ्लॅट नंबर सहा

नाव देणे ही जबाबदारीची गोष्ट आहे, हे अमरावतीच्या कृषीधन अपार्टमेंटमध्ये एकट्या डॉ. किसनराव भुयारांनाच कळत होते. आणि आपल्या एकट्यालाच कळते याचे त्यांना फारसे दुःख होते असे म्हणवत नाही. इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक असलेल्या भुयारांनी वऱ्हाडातल्या गावांना त्यांची नावे कशी पडली या विषयावर सहाशे बारा पानांचा ग्रंथ लिहिला होता. एका समीक्षकाने त्या ग्रंथाची दखल एका शब्दात घेतली होती. तो शब्द 'उपयुक्त' असा होता. त्याला अठरा वर्षे झाली. अजूनही चहाच्या गाळणीला कोणी उपयुक्त म्हटले, तरी भुयारांच्या कपाळावरची शीर उडत असे.

अशा माणसाच्या घरी आठ महिन्यांची पांढरी मांजर बिननावाची राहते, याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. भुयार विचार करत होते. मांजर कूलरच्या पाण्याच्या टाकीखाली गारव्याला झोपत होती. दोघांचेही काम शांतपणे चालले होते. त्यात एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप गटावर सेक्रेटरी गोवर्धनजी टाले यांची नोटीस आली: सर्व सभासदांनी आपापल्या पाळीव प्राण्यांची नावे येत्या रविवारी पाच वाजेपर्यंत रजिस्टरमध्ये लिहून द्यावीत, ज्या प्राण्याचे नाव रजिस्टरमध्ये नसेल तो बेवारस समजून चौकीदार नत्थुजी त्यास पोत्यात घालून मूर्तिजापूरच्या रोडने लांब सोडून येतील.

भुयारांनी नोटीस तीनदा वाचली. जुने दस्तऐवज वाचण्यात आयुष्य गेल्यामुळे, कागद जे सांगतो त्यापेक्षा तो काय लपवतो इकडे त्यांचे लक्ष आधी जाई. अपार्टमेंटमध्ये पाळीव प्राणी दोनच होते. खालच्या मजल्यावर बियाण्यांचे दुकानदार किशोर खोडके यांचा पोपट. त्याला नाव होते. आणि भुयारांची मांजर, तिला नव्हते. 'सर्व सभासदांना' उद्देशून काढलेली ही नोटीस म्हणजे एका मांजरीवर काढलेले वॉरंट होते. कारणही उघड होते. गेल्या पंधरवड्यात गोवर्धनजींच्या पत्नी मैनाबाई यांनी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवरून ही मांजर, पूर्ण लांबीत आणि घाई न करता, चालत गेली होती.

"मनी म्हणा अन् मोकळे व्हा," रागिणीबाई म्हणाल्या. त्या भुयारांच्या पत्नी होत्या आणि सदतीस वर्षे हेच वाक्य निरनिराळ्या विषयांवर म्हणत आल्या होत्या.

"मनी हे नाव नाही. ती वर्गवारी आहे."

"पोत्यात वर्गवारी जाईन का मांजर जाईन?"

भुयारांनी मग पद्धतशीर मार्ग धरला. पेढ्यांच्या रिकाम्या डब्याला चीर पाडून तो दाराबाहेर टांगला आणि गटावर निवेदन दिले की, नावाच्या सूचना लेखी, सकारण आणि सुवाच्य अक्षरात द्याव्यात. सूचकाने सही करण्याची सक्ती नाही. सही नको असे म्हणण्यात त्यांचा हेतू उदार नव्हता. सही नसली की माणसे खरे बोलतात आणि अक्षरावरून ओळखू येतात, असा त्यांचा अनुभव होता.

पेटी लागल्यापासून जिन्यात सल्ल्यांचा पूर आला. किशोर खोडकेने वर येता-येता भुयारांना थांबवून सांगितले, "सर, नाव दोन अक्षरी ठेवा. तीन अक्षरांच्या वर गेलं की जनावर येत नाही. माह्या पोपटाचं पाहा, बंडू. हाक मारली की वळते."

"तो पिंजऱ्यात आहे. वळेल नाही तर काय करील?"

"थे बी हाय," किशोर म्हणाला आणि खाली जाऊन पत्नीला काहीतरी सांगून हसला. काय सांगितले ते भुयारांना ऐकू आले नाही. म्हणूनच ते आपल्याविषयी होते याबद्दल त्यांना शंका उरली नाही.

शुक्रवारी पेटी उघडली. एकूण एकोणीस चिठ्ठ्या निघाल्या. अकरांवर 'मनी' होते, तेही विनाकारण. तीन 'चिंगी', दोन 'सोनी', एक 'कुरडई'. हिचे उगमस्थान शोधण्याची गरज नव्हती. एका चिठ्ठीवर 'डॉ. भुयार' एवढेच लिहिलेले होते. ती त्यांनी भिंगाखाली धरली, किशोरने दिलेल्या जुन्या वर्गणीच्या पावतीशी ताडून पाहिली आणि 'भ'च्या गाठीवरून जे कळायचे ते कळून घेऊन एका पाकिटात घालून, पाकिटावर तारीख टाकून ठेवली.

एकोणिसावी चिठ्ठी वेगळी होती. बारीक, सरळ, सरकारी दप्तरात शोभावे असे अक्षर. त्यात लिहिले होते: 'पौर्णिमा. कारणे: एक, रंग पांढरा. दोन, एका कानावरचा काळा डाग चंद्रावरच्या डागासारखा. तीन, हाक मारताना शेवटचा आकार लांबवता येतो, त्यामुळे गच्चीपर्यंत ऐकू जाईल. चार, हे नाव सध्या योग्य त्या ठिकाणी नाही.'

चौथे कारण भुयारांना कळले नाही. न कळलेल्या वाक्याबद्दल त्यांना एरवी संशय येई. पण या वेळी आदर वाटला. कारणे क्रमांक घालून देणारा माणूस या इमारतीत राहतो, याचेच त्यांना इतके अप्रूप वाटले की, त्याच संध्याकाळी त्यांनी चार परिच्छेदांचे निवेदन गटावर टाकले आणि फ्लॅट नंबर सहामधील मांजरीचे नाव 'पौर्णिमा' असे निश्चित झाल्याचे जाहीर केले.

तेवीस जणांनी ते वाचले. एकानेही उत्तर दिले नाही. किशोरने अंगठा दाखवला आणि अर्ध्या मिनिटात तो परत घेतला. पलीकडच्या विंगेतल्या कोणीतरी काहीतरी लिहून पुसले. खाली भाजी आणायला गेलेल्या रागिणीबाई परत आल्या तेव्हा म्हणाल्या की, पार्किंगमध्ये बोलत उभ्या असलेल्या चार बाया त्यांना पाहून एकदम उन्हाबद्दल बोलू लागल्या. नत्थुजी आपल्या खुर्चीजवळ एक पोते झटकत होता.

उलगडा अकोल्याहून झाला. शनिवारी सकाळी भुयारांच्या थोरल्या भगिनी बेबीताई यांचा फोन आला. त्यांचा आवाज फोनशिवायही आला असता.

"काय रे किसन, आत्या मेली का?"

"काय झालं ताई?"

"रागिणी सांगत होती, तुमच्या इथं नाव ठेवून राहिले. भावाच्या घरचं नाव आत्या ठेवते. तुले नाही माहीत? तू त पुस्तक लिहिलं."

"ताई, ती मांजर आहे."

"मंग तिले आत्या नसते का? मी नऊवारीसाठी नाही बोलून राहिली, मानासाठी बोलून राहिली. असो. काय ठेवलं?"

"पौर्णिमा."

अकोल्याकडून बराच वेळ काही आले नाही. बेबीताई गप्प बसण्याचा हा प्रसंग भुयारांच्या स्मरणातला दुसरा होता; पहिला त्यांच्या घशाच्या ऑपरेशनचा.

"किसन," त्या अखेर हळू आवाजात म्हणाल्या, "गोवर्धनजीच्या सुनेचं नाव ठेवलं तू मांजरीले?"

आता गोवर्धनजींच्या मुलाचे, अंकुरचे, लग्न तीन आठवड्यांपूर्वी अकोल्यात झाले होते. मुलगी बेबीताईंच्याच गल्लीतली, गीतांजली नावाची. साऱ्या अपार्टमेंटने त्या लग्नाला हजेरी लावली होती. फक्त फ्लॅट नंबर सहा गेला नव्हता. कारण त्यांना आलेल्या पत्रिकेवर 'भुयार मास्तर व परिवार' असे लिहिलेले होते. भुयारांनी ती पत्रिका उलटी करून टेबलावर ठेवली आणि प्रकृतीचे कारण कळवले. रागिणीबाईंनी शिवून घेतलेले ब्लाऊज अजून कपाटात होते आणि त्याविषयी त्या बोलत नव्हत्या, हे बोलण्यापेक्षा जड होते. त्या लग्नात, रिवाजाप्रमाणे, नवऱ्या मुलाने तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने नवरीचे नवे नाव लिहिले. सासू मैनाबाईंनी ते निवडले होते. गीतांजलीची पौर्णिमा झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे खाल्ले. तेव्हापासून घरात तिला पौर्णिमा आणि घराबाहेर सूनबाई म्हणत. आणि ते नवे नाव ठाऊक नसलेले घर साऱ्या इमारतीत एकच होते.

म्हणजे इमारतीच्या दृष्टीने हकिकत स्वच्छ होती. भुयार सर लग्नाला आले नाहीत, नोटिशीवर चिडले, आणि सेक्रेटरीच्या नव्या सुनेचे नाव, चार परिच्छेदांत, सकारण, मांजरीला दिले.

दुपारी गोवर्धनजी स्वतः आले. उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आत या म्हटले तरी आले नाहीत.

"सर, आमचं काही चुकलं का?"

शिवी दिली असती तर भुयारांना उत्तर देता आले असते. हा प्रश्न मात्र फार वाईट होता. "मला ठाऊक नव्हते," ते म्हणाले, आणि हे सत्य आपल्या स्वतःच्याच कानांना किती खोटे वाटते याचे त्यांना आश्चर्य वाटले.

"तुमाले माहीत नव्हतं, मी मानतो. म्हंजे तुमाले कोणीतरी पुढं केलं. डबा तुमचा, चिठ्ठी त्याची. उद्या पाचच्या मीटिंगमदे दोन गोष्टी करा. दुसरं नाव लिहून द्या, अन् हे कोणं सुचवलं थे चारचौघांत सांगा. मांजर तुमच्या घरी राहीन. नाही सांगितलं त मंग थे तुमचंच काम हाय असं आमी समजू, अन् नोटीस हायेच."

ते गेले. कूलरखालून मांजर बाहेर आली आणि भुयारांच्या पायावर पडून राहिली. ती सहसा असे करत नसे. भुयारांना तिचाही संशय आला.

अक्षर शोधणे सोपे होते. रविवारच्या आत सापडले असते. पण शोधावे लागले नाही. तासाभराने बेल वाजली. दारात गळ्यात ओळखपत्र आणि हातात कापडी पिशवीत फाइली घेतलेली एक तरुण स्त्री उभी होती. ती मूर्तिजापूर तालुक्यात तलाठी होती. सरकारने त्या पदाचे नाव मध्यंतरी बदलले आहे. लोकांनी बदललेले नाही.

"मी गीतांजली," ती म्हणाली. "वरची."

भुयारांनी तिला आत घेतले, पण दार उघडे ठेवले. सासऱ्याने हिला पाठवले आहे, हिच्याकरवी आपल्या तोंडून काहीतरी वदवून घ्यायचे आहे, आणि पिशवीत फोन चालू असणार, हे तीन निष्कर्ष त्यांनी खुर्चीपर्यंत पोचता-पोचता काढले.

"सर, चिठ्ठी मी टाकली."

रागिणीबाई पाण्याचा ग्लास घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

"सव्वीस वर्सं मी गीतांजली हाय. सातबारावर सही करते गीतांजली म्हणून. घरात कोणी पौर्णिमा म्हणून हाक देते, त मी मागं पाहते, कोण आलं म्हणून. बोलली त सासूबाई म्हणतात, आपल्यात अशीच रीत हाय. भांडण मले नव्हतं करायचं. मंग तुमचा डबा दिसला. मी म्हटलं, मांजरीचं नाव झालं की घरच्यांच्याच जिभेवर यायचं नाही."

"म्हणजे मला तुम्ही हत्यार म्हणून वापरलं," भुयार म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. तो थंड होत गेला, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना हा थंडपणा आठवतो. "नावे कशी पडतात हा ज्याचा आयुष्यभराचा विषय, त्यालाच."

"म्हणूनच, सर. तुमच्या पुस्तकातच हाय ना, कचेरीनं नाव बदललं तरी गाव जुन्या नावानंच ओ देते. मी तलाठ्याच्या परीक्षेच्या वेळी वाचलं. दोनदा."

भुयारांनी तिच्याकडे पाहिले. खुशामत त्यांना ओळखू येत असे, कारण ती त्यांच्या वाट्याला इतकी क्वचित आली होती. "कितव्या पानावर?"

"दोनशे सत्याऐंशी. अन् तीनशे त्रेचाळीसवर चूक हाय. एक रिठी गाव, उजाड झालेलं, तुमी बाळापूर तालुक्यात टाकलं. थे मूर्तिजापुरात हाय. मी मोजणीले गेली होती. तिथं फक्त एक विहीर अन् मारुतीचा दगड हाय."

भुयार उठले, कपाटातून ग्रंथ काढला, पान तीनशे त्रेचाळीस उघडले आणि बराच वेळ उभ्यानेच वाचत राहिले. ती चूक होती. अठरा वर्षांत कोणालाही न सापडलेली, निखालस, लाजिरवाणी चूक. आणि ती सापडण्यासाठी आधीची तीनशे बेचाळीस पाने कोणीतरी वाचलेली असणे भाग होते. संतापावे की बसायला सांगावे हे त्यांना ठरवता येईना. ती आधीच बसलेली होती.

"सर, उद्या तुमी माहं नाव सांगितलं तरी चालन," ती उठत म्हणाली. "तुमची मांजर हाय. पोत्याचं मी ऐकलं. मले थे वाटलं नव्हतं."

ती गेल्यावर रागिणीबाईंनी ग्लासातले पाणी स्वतःच पिऊन टाकले. "सांगणार का?" त्यांनी विचारले. भुयारांनी ग्रंथ कपाटात परत ठेवला. ही बाई उद्या सभेत फिरणार नाही कशावरून, हा विचार त्यांनी केला. आणि मग, आपल्याला हा विचार सुचला याची त्यांना, बहुधा प्रथमच, थोडी लाज वाटली.

रविवारी पाच वाजता पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि कोणाचा तरी कूलर वायर लांबवून आणलेला होता. ऊन अजून भिंतीवर होते. विषयपत्रिकेवर पाण्याची टाकी, लिफ्ट आणि 'इतर' असे तीन विषय होते. टाकी आणि लिफ्ट चार मिनिटांत संपले. एरवी त्यांना दोन तास लागतात. नत्थुजी घडी घातलेले पोते मांडीवर घेऊन बसला होता. रागिणीबाई मांजरीला पदराखाली धरून खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या, आणि पदर हलत होता.

गोवर्धनजींनी रजिस्टर उघडले. "बोला सर."

भुयार उभे राहिले. भाषण त्यांनी लिहून आणले होते, सात पाने. पहिल्या पानावर नामकरणाची व्याख्या होती. त्यांनी चष्मा लावला, समोर पाहिले आणि पाने खिशात घातली.

"नाव मी दिलं. सुचवलं कोणी नाही. डब्यातली एकही चिठ्ठी मी विचारात घेतलेली नाही, कारण त्या विचारात घेण्यासारख्या नव्हत्या."

"मंग बदलता ना?" गोवर्धनजींनी विचारले.

"नाही."

"सर, एवढं कावून ताणून राहिले?" किशोर म्हणाला. "मनी म्हणा, मिटवा."

"खोडके, तुमच्या 'भ'बद्दल आपण नंतर बोलू," भुयार म्हणाले. किशोर खाली पाहू लागला. "गोवर्धनजी, तुम्हाला अपमान वाटला असेल तर त्याची माफी मी मागतो, लग्नाला आलो नाही त्याचीही मागतो, ते माझं लहानपण होतं. पण दिलेलं नाव मी भीतीनं परत घेणार नाही. मांजर न्यायची असेल तर न्या." शेवटचे वाक्य त्यांनी लिहिलेले नव्हते. रागिणीबाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले की, ती नजर त्यांनी सदतीस वर्षांत पाहिली नव्हती. आणि तिचा अर्थ काय, याची त्यांना खात्री नव्हती.

गोवर्धनजींनी मान हलवली. "नत्थुजी."

नत्थुजी उठला. पोत्याची घडी उलगडली. रागिणीबाईंनी पदर घट्ट धरला. गीतांजली मागच्या रांगेतून उठून उभी राहिली, तोंड उघडले, आणि तेवढ्यात मैनाबाई बोलल्या.

"थांब गा." मग नवऱ्याकडे वळून, "काय करून राहिले तुमी? नाव कोणाचं हाय थे?"

"आपल्या सुनेचं."

"आपल्या सुनेचं नाव गीतांजली. रेशनकार्डावर तेच हाय, नोकरीवर तेच हाय. पौर्णिमा कोण आपल्या घरी?"

"अव पण ताटात लिहिलं ना अंकुरनं. साऱ्याईनं पाह्यलं."

"ताटातले तांदूळ कवाच शिजवून खाल्ले आपण," मैनाबाई म्हणाल्या. "मांजरीचं नाव हाय थे. लिवा तिच्या नावापुढं. अन् आजपासून माह्या सुनेले कोणी मांजरीच्या नावानं हाक देली त मले सांगा."

गोवर्धनजींनी पेनाचे टोपण काढले, परत लावले, परत काढले, आणि लिहिले: 'पौर्णिमा, मांजर, फ्लॅट नं. ६'. नत्थुजीने पोत्याची पुन्हा घडी घातली; ती पहिल्यापेक्षा नीट बसली.

मैनाबाई अपमान झाकण्यासाठी बोलल्या, की सुनेसाठी बोलल्या, की शनिवारी रात्रीच वरच्या मजल्यावर सासू-सुनेचे काही ठरले होते, याचा भुयारांनी पुढे पुष्कळ अभ्यास केला. पुरावा अपुरा पडला. सभेनंतर जिन्यात त्यांनी मैनाबाईंना आडून विचारून पाहिले. त्या म्हणाल्या, "मास्तर, माहं माहेरचं नाव तुमाले माहीत हाय का?" भुयारांना माहीत नव्हते. "मलेच आठवावं लागते," म्हणून त्या वर निघून गेल्या. 'मास्तर' या शब्दावर आपली शीर उडाली नाही, हे घरी पोचल्यावर भुयारांच्या लक्षात आले.

गोवर्धनजींनी मात्र त्याच संध्याकाळी एक विनंती पाठवली. रजिस्टरात नाव राहू द्या सर, पण मोठ्यानं हाक तेवढी नोका मारू. पाहुणे येतात, त्यांच्या कानावर गेलं तर परत सारं समजावून सांगावं लागते. विनंती रास्त होती आणि भुयार जिंकलेले होते, त्यामुळे त्यांनी ती मान्य केली.

तेव्हापासून व्यवस्था अशी आहे. वऱ्हाडातल्या गावांच्या नावांचे भाष्यकार डॉ. किसनराव भुयार सकाळी दुधाची वाटी घेऊन गच्चीच्या जिन्याशी उभे राहतात, खाली-वर कोणी आहे का पाहतात, आणि मांजरीला तिच्या रीतसर नोंदलेल्या, सकारण निवडलेल्या नावाने हाक मारण्याऐवजी दबक्या आवाजात "अगं" एवढेच म्हणतात.

"काय हाय?" रागिणीबाई स्वयंपाकघरातून विचारतात.

मांजर येत नाही.